नागपूरला खामल्यातल्या आमच्या घरचा नवा गिझर: एका हिवाळ्यानंतर लिहिलेला अनुभव आणि हिशोब

आमचा जुना गिझर २०१३ साली बसवला होता, पंचवीस लिटरचा. अकरा वर्षांत एकदा कॉइल बदलली, बाकी त्याने कधी त्रास दिला नाही. गेल्या सप्टेंबरमध्ये सासूबाई बाथरूममधून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, गिझरखालची भिंत ओली काऊन आहे?" जाऊन पाहिलं तर टाइल्सच्या सांध्यातून चहाच्या रंगाचा एक बारीक ओघळ खाली आला होता. गिझर मार्चपासून बंद होता, म्हणजे वरचा नळ गळण्याचा प्रश्न नव्हता. टाकीच गंजली होती.

सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. बारा महिने पहाटे साडेपाचला अंघोळ, मग तुळशीला पाणी, हा त्यांचा नेम आहे. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा दहाच्या खाली उतरतो, आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी रात्रभर त्या थंडीत असतं. म्हणून मी त्याच दिवशी वहीत पान पाडलं आणि वर लिहिलं, "गिझर, रु. १२,०००". तो आकडा मनानेच टाकला होता. शेवटी खर्च आला १७,८५०. फरक कुठे पडला ते सविस्तर लिहिते, कारण दुकानात, जाहिरातीत किंवा ऑनलाइन किंमत बघताना हा भाग कुठेच दिसत नाही.

आधी एक गोष्ट. आपल्याकडे गिझर जेमतेम चार महिने चालतो. मे महिन्यात दुपारी नळ उघडला की पाणीच चटका देतं. त्यामुळे गिझरची आठवण होते ती पहिल्या गारठ्याच्या सकाळी, आणि ती साऱ्या गावाला एकदमच होते. नोव्हेंबरच्या शेवटी इलेक्ट्रिशियनला फोन केला तर चार दिवस "उद्या येतो ताई" ऐकावं लागतं आणि घाईत दुकानदार देईल ते घ्यावं लागतं. मी माझी मुदत ठरवली होती नरक चतुर्दशी, म्हणजे त्या वर्षी ३१ ऑक्टोबर. अभ्यंगस्नानाला नवा गिझर लागलेला हवा. पितृपक्षात दुकानं मोकळी असतात, दुकानदार निवांत बोलतात, म्हणून मी तेव्हाच चौकशी करून घेतली. सासूबाईंना त्या पंधरवड्यात नवी वस्तू घरात नको होती, तर खरेदी घटस्थापना झाल्यावर केली. चौकशी आणि खरेदी यात पंधरा दिवस गेले ते बरंच झालं, त्या दिवसांत मी नीट मोजमाप केलं.

मोजमाप म्हणजे काय, तर बादली. आमची बादली वीस लिटरची म्हणून घेतलेली. पण अंघोळीला कुणी काठोकाठ भरत नाही. मी एक लिटरच्या पातेल्याने मोजून पाहिलं, रोजच्या खुणेपर्यंत सोळा लिटर भरलं. घरात आता आम्ही तिघं, मुलगा पुण्याला नोकरीला. तीन बादल्या म्हणजे ४८ लिटर कोमट पाणी, साधारण ४० अंशांचं. थंडीत टाकीचं पाणी १५ अंश धरा आणि गिझरमध्ये ते ६० अंशांपर्यंत तापवा. पंधरा लिटर असं कढत पाणी घेतलं तर त्यात बारा लिटर गार मिसळता येतं, म्हणजे २७ लिटर मिळतं. पंचवीसच्या गिझरमधून ४५. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे हे कागदावर मांडल्याशिवाय मला राहवलं नाही, पण मांडल्यावर निर्णय सोपा झाला. सासूबाई साडेपाचला, मी सहाला, हे सातनंतर. मधे मधे वेळ आहे. दोन किलोवॅटच्या कॉइलला पंधरा लिटर पाणी १५ वरून ६० वर न्यायला चोवीसेक मिनिटं लागतात. म्हणजे आम्हाला पंधरा लिटर पुरतो. लागोपाठ अंघोळी करणारं चौघा-पाचांचं घर असेल तर पंचवीसच घ्यावा.

दुसरं कारण भिंतीचं. आमची बाथरूमची भिंत चार इंची विटांची आहे. पंचवीस लिटरचा गिझर भरल्यावर नुसतं पाणीच पंचवीस किलो, वर त्याचं स्वतःचं वजन. तो इतकी वर्षं ज्या हुकांवर लटकला होता त्यांचाही गंज झाला होता.

तीन लिटरच्या इन्स्टंट गिझरबद्दल दोन दुकानांत आग्रह झाला. स्वयंपाकघरात भांड्यांसाठी तो छान. पण तीन किलोवॅटची कॉइल १५ अंशांचं पाणी ४० पर्यंत नेते ती मिनिटाला पावणेदोन लिटरच्या आसपास. सोळा लिटरची बादली भरायला नऊ मिनिटं. ८१ वर्षांच्या बाईने डिसेंबरच्या पहाटे नऊ मिनिटं थंड फरशीवर उभं राहायचं, हे मला पटलं नाही.

गॅस गिझर ह्यांच्या ऑफिसातल्या एकाने सुचवला होता, सिलिंडर स्वस्त पडतो म्हणून. त्याला मी सरळ नाही म्हटलं. आमच्या बाथरूमला हातभर खिडकी आहे आणि हिवाळ्यात ती बंदच असते. बंद जागेत गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग ना वास. माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो. चार पैसे वाचवायला हा धोका कुणीही घेऊ नये, फारच वाटलं तर गिझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवावा.

सोलरचाही विचार केला. नागपूरला ऊन कमी नाही. पण आमचं गणित असं आलं: दिवसाला दोन युनिट, चार महिन्यांत २४० युनिट. हिवाळ्यात कूलर बंद असतात, त्यामुळे आमचं महावितरणचं बिल ३०० युनिटच्या आतच राहतं आणि त्या टप्प्यात सगळे आकार धरून मला या हिवाळ्यात युनिट साधारण १३ रुपयांना पडलं. म्हणजे पूर्ण हंगामाचे तीन हजार एकशे वीस. सोलरचा आकडा पाइपलाइनसकट २८ हजार सांगितला, शिवाय गच्चीसाठी सोसायटीची परवानगी. आठ महिने ज्याची गरजच नाही त्यासाठी मी तो खर्च करणार नाही. स्वतंत्र घर असेल, माणसं जास्त असतील, तर हिशोब वेगळा निघेल.

आता दुकान. जयप्रकाश नगरहून मेट्रोने सीताबर्डी इंटरचेंजला उतरले आणि तिथल्या बाजारातल्या मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये चार दुकानं फिरले. तीन ठिकाणी पहिला प्रश्न, "बजेट किती मॅडम?" चौथ्या ठिकाणी गल्ल्यावर एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "पाणी कोणतं येते जी तुमच्याकडे? कार्पोरेशनचं का बोअरचं?" मी म्हटलं, दोन्ही. पेंच धरणाचं नळाचं पाणी येतं, ते कमी पडलं की सोसायटी बोअर चालू करते आणि वरच्या टाकीत दोन्ही मिसळतं. ते म्हणाले, "मग आधी ते पाहा, मग डबा पाहा."

हा एक प्रश्न मला पूर्ण खरेदीतला सर्वांत मोलाचा वाटला. जुना गिझर ज्या कंपनीचा होता, त्याच कंपनीचा तसाच गिझर माझ्या नणंदेकडे नागपूरजवळच्या बेसाला आहे. तिच्याकडे निव्वळ बोअरचं पाणी. तिचा चौथ्या वर्षी गळला, आमचा अकरा वर्षं चालला. म्हणूनच मी इथे ब्रँडचं नाव लिहीत नाही. एकाच नावाला नणंद एक तारा देईल, मी पाच देईन, आणि वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळणार नाही.

पाणी जड आहे का हे घरातच कळतं. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही, बादलीच्या आतून पांढरी रेघ धरते. आरओवाल्याकडच्या मीटरवर आमच्या टाकीचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ४१० आला, नुसत्या नळाचा १८०. टीडीएस म्हणजे कडकपणा नव्हे, पण अंदाज येतो. या पाण्यासाठी त्या गृहस्थांनी आतून काचेसारखा थर दिलेली टाकी, टाकी गंजू नये म्हणून जाडसर मॅग्नेशियमचा दांडा आणि क्षार धरू नये म्हणून थर दिलेली कॉइल, असं मॉडेल काढून दिलं. आयएसआयची खूण, बीईई या वीजबचतीच्या सरकारी संस्थेचे चार तारे, आठ बारची टाकी. आठ बार आम्हाला खरं तर लागत नाही. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब एक बार, आणि आमची गच्चीवरची टाकी आमच्यापासून तेवढीही वर नाही. उंच इमारत असेल किंवा प्रेशर पंप असेल तर मात्र हा आकडा नक्की बघा.

ताऱ्यांबद्दल मी बराच वेळ विचारलं. पाच ताऱ्यांचा दीड हजाराने महाग होता. ताऱ्यांवरून कळतं ते एवढंच, की तापलेलं पाणी नुसतं पडून राहिलं तर चोवीस तासांत किती उष्णता बाहेर जाते. पाणी तापवायला लागणारी वीज दोन्हीकडे सारखीच. ज्यांच्याकडे गिझर दिवसभर चालू असतो त्यांनी पाच ताऱ्यांचाच घ्यावा. आमच्याकडे तो सकाळी दोन-अडीच तास चालतो आणि बटण बंद होतं, तेही वर्षातले चार महिने. मी चार ताऱ्यांवर थांबले. किंमत ८,४५०. कार्डावर वॉरंटी टाकीची सात वर्षं, कॉइलची चार, बाकीची दोन.

इथपर्यंत मी बजेटच्या आत होते.

कंपनीचा माणूस दसरा उलटल्यावर आला. दसऱ्याला दीक्षाभूमीमुळे त्या बाजूचे रस्ते वळवलेले असतात, त्यामुळे दोन दिवस उशीर मी धरलाच होता. फिटिंग फुकट असं बिलावर लिहिलेलं. फुकट फक्त टांगणं, हे त्याने आल्यावर सांगितलं. जोडणीच्या पाइपांची जोडी त्याने बाराशेला सांगितली. मी खाली जाऊन हार्डवेअरच्या दुकानातून जाळीच्या आवरणाची तशीच जोडी ६४० ला आणली. मागच्या अनुभवावरून दोन अँगल कॉकही नवे घेतले, ९०० चे. फास्टनर, टेफ्लॉन, किरकोळ २१०. हे सगळं आदल्या दिवशीच आणून ठेवा, म्हणजे माणूस दारात उभा असताना घासाघीस करावी लागत नाही.

जुना गिझर उतरवताना भिंतीतलं जीआयचं निपल, म्हणजे लोखंडी पाइपाचा जोडतुकडा, तुटलं. इमारत जुनी आहे, पाइप लोखंडी आणि भिंतीच्या आत. कंपनीचा माणूस हात झटकून म्हणाला, "हे माझं काम नाही, प्लंबर बोलवा," आणि निघून गेला. वरची टाकी बंद, आमच्या ओळीतल्या तीनही घरांचं पाणी बंद. प्लंबर संध्याकाळी आला, त्याने दोन टाइल्स फोडल्या, गंजलेला तुकडा कापून नवा सांधा केला. त्याचे १,८०० झाले. त्या नक्षीच्या टाइल्स आता बाजारात मिळत नाहीत, म्हणून तिथे साध्या पांढऱ्या लावल्या आहेत. वीस-पंचवीस वर्षं जुनं घर असेल तर गिझर बदलण्याच्या यादीत प्लंबरचा खर्च आधीच लिहा आणि त्या दिवशी प्लंबर मोकळा आहे का ते विचारून ठेवा.

पण खरा खर्च आणि खरं काम निघालं ते विजेचं. आमचा इलेक्ट्रिशियन वीस वर्षांपासून घरी येतो. नवा गिझर लावायच्या आधी त्याने जुन्या पॉवर पॉइंटची प्लेट काढली. आतली वायर दीड चौरस मिलिमीटरची, म्हणजे गिझरसाठी बारीक. प्लगच्या एका भोकाभोवती प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलं होतं. मग त्याने पिशवीतून होल्डरला लावलेला बल्ब काढला, एक टोक फेजला आणि एक न्यूट्रलला लावलं. बल्ब लख्ख लागला. न्यूट्रलचं टोक काढून अर्थिंगला लावलं. बल्ब लागलाच नाही. पुन्हा लावून पाहिलं. "ताई, अर्थिंगच नाही इथं. तार दिसून राहिली, पण मागं कुठं जोडलीच नाही."

मी तिथेच स्टुलावर बसले. अकरा वर्षं त्या बाथरूममध्ये, ओल्या फरशीवर, घरातलं सर्वांत म्हातारं माणूस रोज पहाटे एकटं जात होतं. कॉइल फुटून टाकीत करंट उतरला असता तर त्याला जायला वाटच नव्हती. काही झालं नाही, एवढंच म्हणायचं.

त्यानंतर मी पैशांचा विचार केला नाही. बोर्डापासून बाथरूमपर्यंत चार चौरस मिलिमीटरची नवी वायर, अर्थिंगची तार मीटरच्या खोलीतल्या मुख्य अर्थिंगपर्यंत तपासून जोडलेली, १६ अँपिअरचा नवा पॉइंट आणि बटण बाथरूमच्या बाहेर, गिझरसाठी स्वतंत्र एमसीबी (करंट प्रमाणाबाहेर गेला की पडणारं बटण), आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी. सामान ४,३५०, मजुरी १,५००. आरसीसीबी म्हणजे करंट जेवढा गेला तेवढा परत आला नाही की क्षणात वीज तोडणारं बटण. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो, आणि घरात एमसीबी आहे म्हणजे सगळं झालं असं समजू नका. मी स्वतः तसंच समजत होते. बल्बची ही परीक्षा मात्र कुणी स्वतः करून पाहू नये, माणूस बोलवावा. शे-दोनशे रुपयांत होते.

तर बेरीज: गिझर ८,४५०, पाइप ६४०, अँगल कॉक ९००, किरकोळ २१०, विजेचं सामान ४,३५०, इलेक्ट्रिशियन १,५००, प्लंबर १,८००. एकूण १७,८५०. गिझरची किंमत निम्म्याहूनही कमी.

जुना गिझर भंगारात द्यायच्या आधी इलेक्ट्रिशियनने माझ्या आग्रहाखातर गच्चीवर नेऊन उघडला. खालची फ्लँज, म्हणजे बोल्टचं झाकण, काढली तसा पांढऱ्या क्षाराचा चुरा भसकन बाहेर आला, अंड्याच्या टरफलासारखे पापुद्रे, निदान दोन ओंजळी. कॉइलवर बोटभर जाडीचा थर. मॅग्नेशियमचा दांडा म्हणून जो असतो त्याची फक्त आतली तार उरली होती, सुतळीएवढी. हा दांडा टाकीच्या आधी स्वतः झिजावा म्हणूनच ठेवलेला असतो. तो संपला की पाणी टाकीच्या लोखंडाला खायला लागतं. दोन-तीन वर्षांनी तो पाहून बदलला तर काही शे रुपयांचं काम, हे मला अकरा वर्षांत कुणी सांगितलं नाही, कॉइल बदलायला आला त्यानेही नाही. भंगारवाल्याने त्या डब्याचे ४५० दिले.

चार महिने वापरल्यावरचं मत. पाणी पंचवीस-सव्वीस मिनिटांत तापतं, माझ्या गणिताच्या जवळपास. थर्मोस्टॅट आम्ही ६० च्या वर नेत नाही, जास्त तापवलं की क्षारही जास्त बसतात. टाकीची उष्णता चांगली टिकते: सकाळी आठला बंद केलेल्या गिझरचं पाणी दुपारी भांड्यांना पुरेसं गरम असतं. आवाज नाही, गळती नाही. सासूबाईंना बाहेरचं बटण आवडलं, दिवा लाल असेपर्यंत त्या आत जात नाहीत.

कमी एकदाच पडलं. संक्रांतीला मुलगा दोन मित्रांना घेऊन आला आणि सकाळी सहा जणांच्या अंघोळी ओळीने लागल्या. चौथ्या माणसाला गॅसवर पातेलं ठेवून पाणी दिलं. वर्षातून दोनदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी मी पंचवीस लिटर घेतला नसता, पण ज्यांच्याकडे पोरं दर शनिवार-रविवारी येतात त्यांनी ते मनात धरावं.

मार्च संपत आला आहे. गेल्या रविवारी गिझरचा एमसीबी पाडला, पाण्याचा कॉक बंद केला आणि टाकी पूर्ण रिकामी केली, म्हणजे आठ महिने तेच पाणी आत साचून राहणार नाही. बटणावर कागद चिकटवला आहे, "टाकी रिकामी आहे, भरल्याशिवाय चालू करू नये", कारण कोरडी कॉइल लावली तर ती जळू शकते. दांडा पाहायची तारीख ऑक्टोबर २०२६, वहीच्या पहिल्या पानावर लिहिली आहे, त्याखाली मॉडेलचा नंबर आणि इलेक्ट्रिशियनचा फोन. नणंदेला बेसाला दरवर्षी उघडून पाहायला सांगितलं आहे.